पंप बदलल्यावर ट्रकच्या पॉवर स्टेअरिंगची एअर निघतच नाही, काय करायचं?

तुमचा प्रश्न वाचला. दहा टायरी ट्रक, ऊस वाहतुकीवर, पंप आवाज करत होता म्हणून नवा टाकला, सोबत स्टेअरिंग ऑइलच्या टँकपासून पंपापर्यंतचा होज पाईप बदलला, एअर काढली, तरी गाडी चालू केली की घुरघुर आवाज, टँकमध्ये फेस, वळवताना स्टेअरिंग मध्येच झटका देतं आणि इंजिन बंद केलं की ऑइल झाकणातून बाहेर येतं. परत एअर काढून बघितली, तेच. आणि आता मिस्त्री म्हणतोय की बॉक्सच (स्टेअरिंगचा गिअर बॉक्स) गेलाय, बदलून टाका.

दादा, बॉक्सचे पैसे आत्ता कुणाला देऊ नका. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं हवेची आहेत, आणि नीट एअर काढूनही जर फेस परत परत येत असेल तर ती आत राहिलेली जुनी हवा नसते, ती दर मिनिटाला नव्याने आत ओढली जाणारी हवा असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक गल्लत करतात. राहिलेली हवा पद्धतीने काढली की निघते, कारण टँकला श्वास घ्यायला जागा असते आणि ऑइल सारखं फिरून टँकमध्ये येतं, तिथे बुडबुडे वर येऊन फुटतात. पण कुठूनतरी हवा आत येतच असेल तर तुम्ही आठवडाभर स्टेअरिंग इकडून तिकडे फिरवत बसा, काही फरक पडणार नाही.

आता ओढते कुठून, ते समजायला एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पंपापासून बॉक्सपर्यंतच्या पाईपात प्रेशर असतं, वळवताना ते शंभर बारच्या वर जातं, तिथे कुठे फट असेल तर ऑइल बाहेर येणार, हवा आत जाऊच शकत नाही. बॉक्सपासून परत टँकला येणाऱ्या पाईपात पण थोडं प्रेशर असतंच, तिथेही ऑइलच बाहेर येणार. फक्त एक तुकडा असा आहे की जिथे पंप ओढतो, म्हणजे टँकच्या तळापासून पंपापर्यंत, यालाच सक्शन म्हणतात. या तुकड्यात सैल क्लिप असेल, होजला बारीक चीर असेल, तर इंजिन चालू असताना तिथून ऑइल गळत नाही, हवा आत जाते. म्हणून मिस्त्री खाली बॅटरी मारून बघतो, सगळं कोरडं दिसतं, आणि म्हणतो कुठेच लिकेज नाही. गाडी रात्रभर उभी राहिली तर कधीकधी त्या क्लिपखाली लाल ओलसरपणा येतो, कारण तेव्हा टँकमधलं ऑइल फक्त वजनाने खाली दाब देत असतं. सकाळी गाडी चालू करायच्या आधी तिथे कापड फिरवून बघा. तुमच्या केसमध्ये तर नेमका हाच होज बदललाय, म्हणून माझा पहिला संशय तिथेच.

होज कुठला टाकलाय ते बघा. पुष्कळ ठिकाणी डिझेलचा किंवा रेडिएटरचा रबरी पाईप कापून लावतात, व्यास जुळला की झालं. पण रेडिएटरचं रबर एटीएफला (स्टेअरिंगमध्ये घालतात ते लाल ऑइल) टिकत नाही, ते आतून फुगतं, मऊ पडतं, आणि पंप ओढायला लागला की आतल्या आत चपटं होतं. बाहेरून पाईप ठीकठाक दिसतो. गरम झाल्यावर रेस देऊन हाताने चाचपून बघा, दबल्यासारखा लागला तर तोच. पाईपाला जिथे वळण आहे तिथे घडी पडलीय का तेही बघा, नवा होज दोन इंच लांब कापला तरी बरोबर वळणावर घडी पडते. आणि क्लिप. स्क्रूवाली क्लिप फार आवळली की रबर कापते आणि सैल असली की हवा घेते. जुन्या नळीच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा असेल तर पॉलिश पेपरने साफ करून मगच होज चढवायचा.

खात्री करायची सोपी रीत सांगतो. इंजिन आयडलला ठेवा, टँकचं झाकण काढा, एक माणूस टँकमध्ये बघत उभा राहू दे. दुसऱ्याने खालून सक्शनच्या प्रत्येक जोडावर घट्ट ग्रीसचा जाड थर भरायचा, एकेका क्लिपवर, घाई न करता, फॅन आणि फिरणाऱ्या भागापासून हात आणि बाही लांब ठेवून. ज्या जोडावर ग्रीस बसल्यावर घुरघुर कमी होते, आणि पाच-दहा मिनिटांनी वरचा माणूस म्हणतो की फेस विरळ झाला, तो जोड चोर आहे. ग्रीस हा इलाज नाही, ते फक्त बोट दाखवतं, नंतर होज नि क्लिप नीट बदलायचीच. पंपाला जिथे सक्शनचा एल्बो (वाकडा जोड) बसतो तिथे आत ओ-रिंग (गोल रबरी कडी) असते किंवा तांब्याचे वॉशर असतात. नवा पंप बसवताना जुनंच वॉशर परत लावलं असेल तर ते नीट बसत नाही. चार पैशांचं वॉशर, पण सक्शनला आहे म्हणून त्रास मोठा.

दुसरी जागा म्हणजे पंपाचं शाफ्ट सील. आपल्या ट्रकला पंप बहुतेक इंजिनच्या गिअरवर चालतो, नाहीतर एअर कॉम्प्रेसरच्या मागे बसवलेला असतो. अशा पंपाचं शाफ्ट सील गेलं तर बाहेर काहीच दिसत नाही, कारण सीलच्या पलीकडे इंजिनचं पोट आहे. तिकडून पंप हवा नाहीतर इंजिन ऑइल ओढू शकतो आणि कधी उलटं होतं, स्टेअरिंगचं ऑइल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. म्हणून टँकची पातळी सारखी कमी होत असेल आणि जमिनीवर थेंब नसेल तर इंजिनची डिपस्टिक काढा. इंजिन ऑइल वाढलेलं दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, कारण पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात. टँकमधलं लाल ऑइल काळपट दिसायला लागलं तरी हाच संशय घ्यायचा. पंप नवा आहे म्हणून सील चांगलंच असेल असं धरून चालू नका, बसवताना शाफ्ट ठोकला तर सील त्याच दिवशी जातं.

तिसरी जागा टँक स्वतः, आणि इकडे कुणाचं लक्षच नसतं. आत फिल्टर असतो, त्याच्यावर स्प्रिंग असते, खाली वॉशर असतं. पंप बदलताना फिल्टर काढला आणि स्प्रिंग परत टाकायची राहिली किंवा फिल्टर उलटा बसला, की परतीचं ऑइल फिल्टरमधून शांतपणे न जाता धारेसारखं उडतं आणि तिथेच फेस बनतो. फिल्टर जुनाच ठेवला असेल तर तोही बदला, जुना पंप घासून गेला असेल तर त्याची सगळी पूड त्या कागदात आहे. मग झाकण. झाकणाला बारीक वेंटचं भोक असतं, उसाच्या रानात चिखल आणि पाचटाची धूळ बसून ते बुजतं, मग टँकमध्ये व्हॅक्यूम होतो आणि पंपाला ओढायला जास्त जोर लागतो. सुईने साफ करा, डिझेलने धुवा, दोन मिनिटांचं काम.

हवा आहे की पाणी, हेही एकदा ठरवून टाका. टँकमधलं दुधाळ ऑइल काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर हलवू नका. हवा असेल तर खालून वर हळूहळू निवळत जातं आणि परत स्वच्छ लाल दिसतं. पाणी असेल तर ते गुलाबी दुधासारखं तसंच राहतं. तसं राहिलं तर एअर काढण्यात वेळ घालवू नका, सगळं ऑइल काढून सिस्टिम धुवावी लागेल.

आता इंजिन बंद केल्यावर ऑइल वर का येतं, ते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. चालू असताना सिस्टिममधले बुडबुडे प्रेशरखाली एवढेसे होऊन बसलेले असतात, इंजिन बंद झालं, प्रेशर गेलं, की ते फुगतात आणि स्वतःची जागा करायला ऑइलला टँकमध्ये ढकलतात. म्हणून हीच सगळ्यात भरवशाची तपासणी आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही. इंजिन आयडलला, स्टेअरिंग सरळ, पातळी वरच्या खुणेला. बंद करा आणि बघत राहा. १ ते २ सेंटीमीटरपर्यंत वर आलं तर चालतं. त्याच्यापेक्षा जास्त चढलं तर आत हवा आहे, मग कोणी काही म्हणो. तुमचं तर झाकणाबाहेर येतंय, म्हणजे भरपूर आहे. अशा वेळी ऑइल बाहेर येतं म्हणून थोडं कमी करून ठेवतात, ते अजिबात करू नका, इंजिन चालू झालं की पातळी खाली जाते, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि परत हवा.

हे सगळं तपासून सक्शन पक्कं झालं की मग एअर काढायला घ्या. पद्धत अशी.

फेसाळलेलं ऑइल तेच परत ओतायचं नाही. नवं घ्या, जे टँकच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच, आपल्याकडे बहुतेक गाड्यांना लाल एटीएफ असतं. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सगळी रबर सीलं फुगून बसतील. हाताशी पाच लिटरचा कॅन असू द्या, नव्याने भरताना अंदाजापेक्षा जास्त लागतं, आणि मध्येच संपलं की केलेलं वाया. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, पुढचा एक्सल जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, पुढच्या एक्सलवर भरल्या गाडीचे सहा-सात टन असतात, आणि हे काम करताना गाडी रिकामीच हवी. केबिन टिल्ट करावी लागत असेल तर ती पूर्ण टिल्ट होऊन लॉक झाली का ते हाताने बघा.

पंप कोरडा फिरू द्यायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पंपाच्या आत रोटर असतो, त्याच्या खाचांत पातळ पाती असतात, ती बाहेरच्या रिंगला घासत फिरतात आणि मध्ये फक्त ऑइलचा पापुद्रा असतो. कोरडा फिरला तर रिंगवर ओरखडे काही सेकंदांत येतात आणि मग तो नवा पंपही कायमचा आवाज करत राहतो. म्हणून सक्शनचा होज पंपाला जोडायच्या आधी पंपाच्या तोंडात ऑइल ओतायचं. तुमचा पंप बसलेला आहेच, तर टँक काठोकाठ भरा आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच सोडा, बुडबुडे आपोआप वर येतील, पातळी खाली जाईल, परत भरा.

मग इंजिन चालू न करता नुसता सेल्फ (स्टार्टर) मारायचा. जुन्या गाडीला स्टॉप केबल ओढून धरली की इंजिन उचलत नाही. बीएस-४, बीएस-६ (प्रदूषणाच्या नियमांप्रमाणे आलेल्या नव्या) गाड्यांना तसं करता येत नाही, तिथे वायरिंगशी खेळ न करता इंजिन चालू करून पाच-दहा सेकंदांत बंद करायचं. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, स्टार्टर मोटर जळते. या वेळात एक माणूस टँकजवळ कॅन घेऊन उभा, पातळी झपाट्याने खाली जाते, आणि एकदाही तळ दिसता कामा नये. एकदा दिसला की भरत आणलेल्या पाईपात परत हवा गेली, पहिल्यापासून सुरुवात. या टप्प्यावर स्टेअरिंगला हात लावायचा नाही, वळवलं की बॉक्समधला पिस्टन अर्धवट भरलेल्या जागेत हवा ढकलतो आणि ती बारीक बुडबुड्यांच्या रूपात ऑइलमध्ये मिसळते, मग निघायला तासन् तास लागतात. थांबा, भरा, परत मारा. पातळी खाली जायची बंद झाली की मग इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, पुढची चाकं वर असल्यामुळे हाताने जातं. सावकाश म्हणजे खरंच सावकाश. जोरात फिरवलं की पिस्टनमागे ऑइल पोचायच्या आधी जागा मोकळी होते.

आता इंजिन चालू करून आयडलला ठेवा. रेस अजिबात नाही. रेस दिली की पंप फेस जास्त घुसळतो, ताक घुसळावं तसं. मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, पातळी बघा, भरा. मग परत चालू करून लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, टोकाच्या अगदी जरा अलीकडे थांबत. टोकाला धरून ठेवायचं झालंच तर पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, तिथे सगळं ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) फिरत राहतं आणि उकळायला लागतं. कारखान्याच्या यार्डात गाडी रिव्हर्स लावताना पोरं स्टेअरिंग पूर्ण कापून रेस देत धरून ठेवतात, पंप लवकर जाण्याचं मोठं कारण तेच आहे, ड्रायव्हरला हे नक्की सांगा.

बॉक्सला ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो वरच्या बाजूला छोट्या रबरी टोपीखाली असतो. आपल्याकडे बहुतेक ट्रकना झेड-एफ किंवा राणे कंपनीचे बॉक्स येतात, काहींना स्क्रू आहे, काहींना नाही. असेल तर त्यावर पारदर्शक नळी घालून दुसरं टोक बाटलीत सोडा, इंजिन आयडल, स्टेअरिंग बरोबर मध्यावर, स्क्रू दोन आटे सैल. नळीत आधी पांढरट फेस, मग लाल रंगात तुटक तुटक बुडबुडे, मग सलग लाल धार दिसेल. धार सलग झाली की बंद करा. स्क्रू उघडा असताना केबिनमधल्या माणसाने स्टेअरिंगला हातही लावायचा नाही, वळवलं की तिथे एकदम प्रेशर येतं. बंद करून मग दोन-तीन वेळा लॉक टू लॉक, परत मध्यावर आणून परत उघडा. तीन-चार फेऱ्यांत निघायला हवी.

स्क्रू नसेल तर तो बॉक्स फिरता फिरता स्वतःच हवा टँकमध्ये पाठवतो, तिथे काही उघडायची गरज नसते. रस्त्याकडेला मात्र इंजिन चालू ठेवून प्रेशर पाईपचा बँजो बोल्ट (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) सैल करून एअर काढताना मी खूप लोकांना बघितलंय. हात जोडून सांगतो, हे करू नका. त्या पाईपातून सुईसारखी निघालेली धार कातडी फोडून आत जाते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आत ऑइल पसरून बोट, कधी हात काढायची वेळ येते. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. लिकेज शोधायलाही त्या पाईपावरून बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

आता बॉक्सचं बोलू, म्हणजे मिस्त्रीचं म्हणणं खरं कधी असेल. बॉक्स आतून लिक असेल तर स्टेअरिंग जड होतं, ऑइल गरम झाल्यावर आणखी जड, पण फेस येत नाही. एकाच बाजूला जड असेल तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या सीलचा संशय. पण तेही प्रेशर गेज लावल्याशिवाय ठरवायचं नाही. पंप आणि बॉक्सच्या मध्ये गेज आणि शटऑफ व्हॉल्व्ह लावतात, व्हॉल्व्ह काही सेकंद बंद केला की पंप एकटा किती प्रेशर देतो ते कळतं, तेवढंच बॉक्स लॉकला असताना मिळालं तर बॉक्स चांगला, कमी मिळालं तर बॉक्स आत सोडतोय. हे ज्याच्याकडे गेज आहे आणि ज्याला ते येतं त्याच्याकडूनच करून घ्या, व्हॉल्व्ह जास्त वेळ बंद राहिला तर पंप जागेवर जातो. आणि जड स्टेअरिंगचं कारण हायड्रॉलिकमध्ये नसतंच कित्येकदा, किंग पिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) ग्रीसशिवाय सुकलेला असतो. चाकं वर आहेतच तर ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकांकडे जाणारा रॉड) सोडून चाकं हाताने फिरवून बघा, तिथेच अडकत असेल तर बॉक्स बदलून पण जडच राहणार.

चाकं वर असताना सगळं मऊ लागतं, म्हणून समाधान मानू नका. गाडी खाली घ्या, जागेवरच आयडलला वळवून बघा, झटका नाही, आवाज नाही, टँकमध्ये बुडबुडा नाही, आणि बंद केल्यावर ती १-२ सेंटीमीटरची तपासणी पास. त्यानंतर रिकाम्या गाडीने मोकळ्या सपाट रस्त्यावर थोडं फिरवा. ती तपासणी पास होईपर्यंत माल भरू नका आणि घाटात तर नेऊच नका. खंबाटकीसारख्या ठिकाणी वळणात हवेचा बुडबुडा व्हॉल्व्हपाशी आला तर क्षणभर स्टेअरिंग दगडासारखं होतं आणि पुढच्या क्षणी एकदम मोकळं, ड्रायव्हर त्या जोरात गाडी दुसऱ्या लेनमध्ये घालतो.

नीट झालं तरी पहिल्या दोन-तीन खेपांनंतर ऑइलची पातळी, क्लिपा आणि इंजिनची डिपस्टिक परत बघा. आणि सक्शनच्या जोडांवर ग्रीस लावल्यावर काय फरक पडला, बाटलीतलं ऑइल निवळलं की नाही, हे दोन इथे लिहा, गाडीचं मॉडेल आणि वर्ष पण टाका, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.